भावना नाहीत, तर भीती कशाची?

‘या मुलांना भावना कळत नाहीत’ हे वाक्य ऑटिझमबद्दल इतक्या ठिकाणी आणि इतक्या सहज बोललं जातं, की त्याला पुरावा कुणी मागतच नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते ऐकू येतं, रविवारच्या पुरवण्यांमधल्या तज्ज्ञ-सल्ल्यात छापून येतं. नातेवाईक तर आईच्या तोंडावर बोलतात, ‘एका परीनं बरंच आहे गं, त्याला काही वाटत तरी नाही.’ कुणी विचारलंच की हे कशावरून, तर उत्तर ठरलेलं असतं: संशोधनानं सिद्ध झालंय. माझं भांडण या उत्तराशी आहे. ज्या संशोधनाच्या नावावर हे वाक्य खपवलं जातं, त्यानं असं काही सिद्ध केलेलं नाही. त्यानंतर जे झालं ते तर बरंचसं याच्या विरुद्ध जातं.

सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रयोग १९८५ सालचा. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या लंडनच्या तीन मानसशास्त्रज्ञांनी मुलांसमोर दोन बाहुल्या ठेवल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तेवढ्यात अ‍ॅन ती काढून स्वतःच्या खोक्यात ठेवते. सॅली परत येते. आता ती गोटी कुठे शोधेल? साधारण साडेचार वर्षांच्या २७ मुलांपैकी २३ जणांनी ‘टोपलीत’ असं बरोबर उत्तर दिलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ जणांनी दिलं. ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी गोटी जिथे खरोखर होती त्या खोक्याकडे बोट दाखवलं. निष्कर्ष असा निघाला, की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते याचा हिशेब या मुलांना ठेवता येत नाही.

प्रयोग देखणा होता, यात वाद नाही. पण त्यात विचारलं काय होतं, तेही पाहा. गोटी सापडली नाही तर सॅलीला कसं वाटेल, अ‍ॅनचा तिला राग येईल का, यातलं काहीही मुलांना विचारलेलं नव्हतं. विचारली होती ती समजूत, आणि तीही भाषेतून. कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांनी १९९५ साली ऑस्ट्रेलियात हीच कसोटी बहिऱ्या मुलांना लावली. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, घरात खाणाखुणांची भाषा न मिळालेली ही मुलं. त्यातलीही बहुसंख्य नापास झाली. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की बहिऱ्या आईवडिलांच्या घरात जन्मापासून खाणाखुणांची भाषा शिकलेली मुलं मात्र ऐकू येणाऱ्या मुलांइतकीच पास होतात. म्हणजे कसोटीत भाषेचा आणि घरातल्या गप्पांचा वाटा मोठा होता. बहिऱ्या मुलांना भावना नसतात, असं त्यावरून कुणी म्हटलं नाही. म्हणण्याची कुणाची हिंमतही झाली नसती.

ऑटिझमच्या बाबतीत मात्र घसरण अगदी बिनबोभाट झाली. ‘दुसऱ्याची चुकीची समजूत ओळखता येत नाही’ याचं ‘दुसऱ्याचं मन कळत नाही’ झालं, त्याचं ‘दुसऱ्याबद्दल काही वाटत नाही’ झालं, आणि शेवटी ‘काही वाटतच नाही’. पहिल्या पायरीपाशी एक प्रयोग आहे. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर फक्त पाय घसरलेला आहे. शिवाय त्या वीसातल्या चौघांनी बरोबर उत्तर दिलं होतं. त्यांचं नाव प्रशिक्षणाच्या स्लाइडवर कधी येत नाही.

ही घसरण इतकी सोपी का झाली, याला मागचा इतिहास आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘भावनिक संपर्कातले बिघाड’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि माणसांशी असा संपर्क जोडण्याची जन्मजात क्षमताच या मुलांत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्याच निबंधात याच मुलांच्या भीतीचं वर्णन आहे. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, अंडं फेटायचं यंत्र, इतकंच काय वारासुद्धा त्यांना हादरवून टाकायचा. भावना नसलेलं मूल वाऱ्याला घाबरतं कसं? हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. त्याऐवजी पुढची दोन दशकं दोष कुणाचा हे शोधण्यात गेली आणि दोषी सापडली ती आई. थंड, कोरड्या, मुलाला जवळ न घेणाऱ्या आयांमुळे असं होतं, ही समजूत कॅनर यांच्या नंतरच्या लेखनानं पसरवली आणि शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तिला पार टोकाला नेलं. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील आणि अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ मध्येच या समजुतीचा पुराव्यानिशी फडशा पाडला होता. अखेर १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. आई सुटली. सोळा वर्षांनी त्याच पिंजऱ्यात मुलाला उभं केलं गेलं, कारण कुणीतरी भावनाशून्य असलंच पाहिजे हे गृहीतक काही सुटलं नव्हतं.

आता मोजमापाकडे येऊ. आईशी असलेली ओढ मोजायची मानसशास्त्रात एक जुनी रीत आहे. मूल खेळत असताना आई खोलीबाहेर जाते, अनोळखी बाई आत येते, मग आई परत येते, आणि त्या परतण्याच्या क्षणी मूल काय करतं ते पाहायचं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ साली ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेले असे अभ्यास एकत्र करून पाहिले. ५३ टक्के मुलांचं आईशी नातं सुरक्षित होतं. इतर मुलांपेक्षा हे प्रमाण कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जो समज आपण ऐकत आलोय त्यानुसार हा आकडा शून्याच्या आसपास असायला हवा होता. निम्म्याहून अधिक मुलं आई परत आल्यावर तिच्याचकडे जातात. फक्त जाण्याची तऱ्हा कधी कधी वेगळी असते. एखादं पाठमोरं येऊन टेकतं, एखादं नुसतं तिच्या ओढणीचं टोक पकडतं. बघणाऱ्याला मिठीच हवी असली तर त्याला हे दिसणार नाही.

खरी कलाटणी मिळाली ती मात्र एका वेगळ्याच दिशेनं. आपल्याला जे वाटतंय ते नेमकं काय आहे, राग की भीती की भूक की थकवा, हे ओळखता आणि सांगता न येणं, या अवस्थेला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. हे नाव पीटर सिफनिऑस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिलं, आणि तेही ऑटिझमसाठी नव्हे. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ऑटिझम असलेल्यांपैकी जवळपास ५० टक्क्यांत ही अवस्था आढळली, नसलेल्यांत सुमारे ५ टक्क्यांत. जेफ्री बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याही आधी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. जवळच्या माणसाला वेदना होताना पाहून मेंदूचा जो भाग उजळतो, त्याचं उजळणं अ‍ॅलेक्सिथायमिया किती आहे यावर ठरत होतं, ऑटिझम आहे की नाही यावर नाही. हा अभ्यास प्रौढांवरचा होता, मुलांवरचा नाही, आणि म्हणून तो जपूनच वापरला पाहिजे. तरी त्यानं एक गाठ सोडवली. आपण ‘ऑटिझममुळे भावना कमी’ म्हणून जे एका पोत्यात भरत होतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आणि अ‍ॅलेक्सिथायमियातही भावना नसते असं नाही. ती शरीरात येते, छाती धडधडते, पोट आवळतं. तिला नाव मिळत नाही. अशा मुलाला ‘तुला काय वाटतंय, सांग बघू’ असं वीस वेळा विचारून काय मिळणार? चेहऱ्यांची चित्रं दाखवून ‘हा आनंदी, हा दुःखी’ असं पाठ करून घेणाऱ्या वर्गांतून तरी काय मिळतं? दुसऱ्याच्या चेहऱ्याला लेबल लावायला मूल शिकतं, स्वतःच्या पोटातल्या गोळ्याला नाही.

किशोरवयाचे आकडे पाहिले तर भावनाशून्यतेची गोष्ट पूर्णच कोसळते. एमिली सिमोनॉफ आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या १० ते १४ वयाच्या, ऑटिझम असलेल्या ११२ मुलांची तपासणी केली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७० टक्के मुलांना आणखी किमान एक मानसिक विकार होता, ४१ टक्क्यांना दोन किंवा जास्त. सगळ्यात वर कोणता होता? सामाजिक चिंता. सुमारे २९ टक्के मुलांना लोकांची, लोकांच्या नजरेची, लोक काय म्हणतील याची आजार ठरावा इतकी भीती वाटत होती. आता जरा थांबून विचार करा. ज्याला दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याची फिकीरच नाही, त्याला दुसरा आपल्याबद्दल काय विचार करेल याची भीती कशी वाटेल? ही भीती वाटायला दुसऱ्याचं मन आहे हे ठाऊक असावं लागतं, त्यात आपल्याविषयी मत बनतंय हे ठाऊक असावं लागतं, आणि ते मत महत्त्वाचं वाटावं लागतं. भावना नसल्याचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या २९ टक्क्यांचं काय करायचं ते एकदा सांगावं. मी तरी अजून समाधानकारक उत्तर ऐकलेलं नाही.

जे उत्तर मिळतं ते असं: ‘अहो, पण वर्गात तर ती शांत असते.’ शांत असते, कारण नववीतली अशी एखादी मुलगी दिवसभर इतरांचं हसणं पाहून हसते, डोळ्यांत पाहायचं म्हणून समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहते, मधल्या सुटीत ग्रुपच्या कडेला उभी राहून त्यांचे शब्द परत परत मनात घोळवते. शाळेच्या वहीत ‘काही अडचण नाही’ असा शेरा येतो. घरी आल्यावर दप्तर फेकलं जातं, दार आपटलं जातं, आणि आई ऐकते की ‘घरात लाडावून ठेवलंय’. कारण सकाळी साडेनऊला घडलेलं असतं, स्फोट संध्याकाळी सहाला. मधले तास कुणी मोजत नाही.

हे मोजमाप आपल्याकडे कसं होतं तेही पाहण्याजोगं आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली भारतीय मोजपट्टी, ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’, वापरली जाते. तिनं मोठं काम केलंय हे आधी कबूल केलं पाहिजे. परदेशी चाचण्यांचा खर्च न परवडणाऱ्या हजारो घरांना तिच्यामुळे प्रमाणपत्र मिळालं, सवलती मिळाल्या. तीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही, १५३ च्या वर तीव्र. भावनिक प्रतिसाद या विभागात पाच मुद्दे: प्रसंगाला न शोभणारा प्रतिसाद, भावनांचा अतिरेक, स्वतःशीच हसणं-रडणं, धोक्याची भीती नसणं, आणि वरकरणी कारण नसताना उत्तेजित किंवा अस्वस्थ होणं. या पाचांपैकी एकही मुद्दा मुलाला काय वाटत होतं हे विचारत नाही. पाचही मुद्दे बघणाऱ्याला ते कसं दिसलं हे विचारतात. ‘वरकरणी कारण नसताना’ तर उघडच बघणाऱ्याच्या नजरेचं माप आहे. गणपतीत कोपऱ्यावरचा डॉल्बी बंद होऊन तासभर झाला तरी कानात त्याची धग असते, ट्यूबलाइट सूक्ष्मपणे लुकलुकत असते, रोजचा रस्ता सोडून रिक्षावाल्यानं वेगळं वळण घेतलेलं असतं. मुलाला कारण असतं. ते परीक्षकाला दिसलं नाही, म्हणून मुलाच्या नावावर गुण चढतात.

आणि बघणाऱ्याची नजर चुकते, हे आता नुसतं म्हणणं राहिलेलं नाही. स्वतः ऑटिझम असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं, की न कळणं दुहेरी आहे: ऑटिझम असलेल्याला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांना त्याचंही कळत नाही, फक्त अपयशाची नोंद एकाच बाजूला होते. २०१७ साली नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ऑटिझम असलेल्या व्यक्तीला काही सेकंद पाहूनच लोक तिच्याबद्दल नावडतं मत बनवतात. तीच व्यक्ती काय बोलली ते नुसतं कागदावर वाचायला दिलं की हे नावडणं नाहीसं होतं. बोलणं खटकत नव्हतं, बोलण्याची ढब खटकत होती.

इथे माझ्याच बाजूच्या काही उत्साही मंडळींचाही कान धरायला हवा. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटानं आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगवली. ऑटिझम असलेल्यांच्या साखळीत ती तितकीच टिकली जितकी इतरांच्या; मिश्र साखळीत जास्त गळली. या निकालावर लगेच झेंडे फडकले, की ‘आमचं आमच्यात उत्तम जमतं, बिघाड फक्त तुमच्यामुळे’. त्याच गटानं ३११ लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला, २०२५ साली निकाल आला, आणि या वेळी मिश्र साखळीतही फरक आढळला नाही. प्रामाणिक संशोधक असे असतात. झेंडे मात्र अजून खाली आलेले नाहीत. माझ्या मुद्द्याला या दुसऱ्या निकालानं धक्का लागत नाही, कारण गोष्ट पोचवण्यात ऑटिझम असलेले लोक कमी पडतात असं दोन्ही वेळा दिसलं नाही. पण ‘ऑटिझम म्हणजे महाशक्ती’ छापाच्या घोषणांना मात्र लागतो, आणि लागायलाच हवा. ऑटिझमवरच्या २०१६ सालच्या संशोधनांचा आढावा घेतला तेव्हा त्यात भाग घेतलेल्या ऑटिझम असलेल्या व्यक्तींपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता नव्हती. म्हणजे जो सोळा वर्षांचा मुलगा बोलत नाही, चिडला की स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो, ज्याला धरायला आता वडील एकटे पुरत नाहीत, तो या अभ्यासांत जवळपास नाहीच. त्याच्या आईला ‘हे फक्त वेगळेपण आहे’ असं सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

मग थेरपी नको का, हा प्रश्न येतोच. हवी. पण कोणती, आणि तिचं यश कशात मोजायचं? लॉस एंजेलिसच्या इव्हार लोवास यांचा १९८७ चा अभ्यास आजही थेरपी विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत चमकतो: आठवड्याला ४० तास, १९ मुलं, त्यापैकी ९ नेहमीच्या शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यांकापर्यंत पोचली. मोजलं होतं ते बुद्ध्यांक आणि शाळेतली जागा. भीती कमी झाली का, झोप लागते का, मूल आनंदात आहे का, हे त्या गाजलेल्या आकड्यात नाही. जोरात ‘नाही!’ ओरडणं आणि मांडीवर चापट हाही त्या पद्धतीचा भाग होता. आजचे बहुतेक थेरपिस्ट चापट मारत नाहीत, हे मान्य. पण २०२१ साली क्रिस्टन बॉटेमा-बॉयटेल यांच्या गटानं लहान मुलांवरच्या उपचारांचे १५० अहवाल तपासले, तर त्यापैकी फक्त ११ अहवालांत दुष्परिणामांचा उल्लेख सापडला. तापाच्या औषधाला आपण हा हिशेब मागतो. जे मुलाच्या रडण्याशी आठवड्याला चाळीस तास झगडतं, त्याला मागत नाही.

याच्या शेजारी गोव्यातलं काम ठेवून पाहा. ‘संगत’ या संस्थेनं रावळपिंडीतल्या गटाबरोबर २ ते ९ वयाच्या ६५ मुलांवर एक चाचणी केली आणि ती २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आली. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांचा मुलासोबतच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा आणि तो त्यांनाच दाखवायचा: इथे मुलानं तुमच्याकडे पाहिलं होतं, इथे त्यानं काहीतरी मागितलं होतं, तुमच्या लक्षात आलं नाही. बदलायचं होतं मोठ्यांनी. पालक मुलाच्या लयीत जास्त बोलू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचं प्रमाण मात्र उलट घटलं, आणि तेही त्यांनी छापलं. कार्ला माझेफ्स्की यांच्या गटानं अमेरिकेत, न बोलणाऱ्या मुलांनाही लागू पडेल अशी भावना सावरण्याची एक मोजपट्टी २०१८ साली पुढे आणली. तिचे प्रश्न पालकांना आहेत आणि गेल्या सात दिवसांचे आहेत: उद्रेक किती तीव्र, शून्यावरून शंभरावर एका क्षणात जातो का, चिडल्यावर स्वतःहून शांत होता येतं का, उदास दिसतो का. भावना आहेत हे इथे धरूनच चाललेलं आहे. विचारायचं आहे ते त्या मुलाला किती जड जातात.

आपल्या चाळीस मुद्द्यांच्या कागदात अशी दुरुस्ती करणं अवघड नाही. ‘वरकरणी कारण नसताना’ या मुद्द्यापुढे आकडा भरण्याआधी तीन रकाने हवेत: त्याआधीच्या काही तासांत काय घडलं, जागा आणि आवाज कसा होता, आणि शांत कशानं झालं. हे रकाने भरायला डॉक्टर लागत नाही. आई भरू शकते, शाळेतली शॅडो टीचर भरू शकते, लिहिता येत असेल तर चौदा वर्षांचा मुलगा स्वतःही भरू शकतो, आणि पहिल्यांदा त्यालाच विचारावं.